काठीवरचा हार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत गाणं म्हणून काही उभं राहिलं असेल तर ते तम्मण्णामुळं, आणि त्याच तम्मण्णाचं आमच्या लोकांनी काय केलं हे मी सांगायला लागले की आमचे हे म्हणतात, ‘कशाला उगाच जुनं उकरतेस?’ उकरते. ज्याला वास येत असेल त्यानं नाक धरावं. मी पाळकाची बायको आहे, सगळं झाकून ठेवायचा मक्ता काही मी घेतलेला नाही.

आमचं प्रार्थनामंदिर निपाणीच्या वेशीबाहेर, तंबाखूच्या वखारींच्या मागं. मंगलोरी कौलांची एक लांब खोली, पुढं पडवी, पडवीकडं उघडणारी एक खिडकी. वारा सुटला की वखारीतला तंबाखूचा खकाणा आत यायचा आणि प्रार्थना चालू असताना अख्खी मंडळी शिंकायची. माझं माहेर खानापूरचं, वडील लाकडाच्या अड्ड्यावर कारकून. मिशनच्या शाळेत शिकले म्हणून जरा शुद्ध बोलते, पण राग आला की ते शुद्ध जातं चुलीत.

मंडळीतली बहुतेक घरं महारवाड्यातनं आलेली, आम्हीही त्यातलेच. दोन-चार घरं मांगवाड्यातली. बाप्तिस्मा घेताना सगळ्यांनी एका तोंडानं म्हटलं होतं, आता आपण भाऊभाऊ. म्हणायला काय जातं! सतरंजीवर बसताना मात्र आम्ही पुढं, ते मागं. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला लागतंच कुठं? ज्यांनी आपल्याला विहिरीवरनं हाकललं त्यांच्या नावानं बोटं मोडायची, आणि आपल्यापेक्षा खाली कुणी सापडला की त्याला तसंच हाकलायचं. शी! माझीच माणसं, म्हणून जास्त किळस येते.

तम्मण्णा त्या मागच्यांतला. काळा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. केकताडाची पानं झोडपून, वाख काढून त्याचे दोर वळायचे हा त्याचा धंदा. वखारीतले तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, त्याच्या दोरानं आवळले जायचे. तळहात असे खरखरीत की तान्ह्या पोराच्या गालाला लावले तर पोर रडावं. घराण्याचं वाद्य हलगी. गावात लग्न असो, मयत असो, लक्ष्मीची जत्रा असो, आज्यापणज्यापासनं त्यांच्या घरची हलगी पुढं. त्याची आई म्हणायची, ‘ह्यो पाळण्यात पायानं ठेका धरायचा.’ आया सगळ्याच पोरांबद्दल असलं काहीबाही म्हणतात, पण ह्याच्याबाबतीत मला ते खरं वाटतं.

मंडळीत आधी आली ती त्याची बायको, सोनाबाई. वखारीत तंबाखूची पानं निवडायला जायची. गळा थोडा बसका, पण सच्चा. एकदा सूर धरला की सोडायची नाही. तिला न्यायला म्हणून तम्मण्णा रविवारी पडवीत येऊन थांबायचा. आत आमचं गाणं चालू असायचं. गाणं म्हणजे काय, विलायती चाली! साहेबांच्या मुलखात त्या चांगल्या वाटत असतील. आमच्या तोंडात आल्या की चिखलात रुतलेल्या म्हशीसारख्या व्हायच्या. सगळे मिळून ढकलायचे आणि ती काही जागची हलायची नाही. आमच्यातला भरमा पेटीवर घाम गाळायचा, रवळू झांजा घेऊन कुठं वाजवायचं ते शोधत बसायचा.

एका रविवारी तम्मण्णाला ते सहन झालं नाही. दारात येऊन हात जोडून म्हणाला, ‘पाळकबाबा, राग मानू नका, पर जरा हालवून बघू का?’ आमचे हे ‘बघ’ म्हणाले. कोपऱ्यात घासलेटचा रिकामा डबा होता, तो त्यानं मांडीवर घेतला. काय सांगू तुम्हाला! तीच चाल, तेच शब्द, पण गाणं उठून चालायलाच लागलं. म्हाताऱ्यांच्या माना डोलायला लागल्या. मागं बसलेल्या बायका पहिल्यांदा तोंड उघडून गायल्या. पुढच्या ईस्टरला तम्मण्णानं बाप्तिस्मा घेतला आणि आमचं गायन मंडळ तयार झालं. सोनाबाई म्हणणार, भरमाची पेटी, रवळूच्या झांजा आणि तम्मण्णाची ढोलकी.

ही माणसं दिवसभर राबून शनिवारी दिवेलागणीला सरावाला यायची. ढोलकीची पुडी फाटली तर तम्मण्णा स्वतः मढवायचा. पेटीचा भाता फुटला तर भरमा आपल्या जुन्या धोतराची पट्टी डकवायचा. लग्नाला गायचं, मयताला गायचं, नाताळात घरोघर फिरून घसा कोरडा करायचा. आणि मंडळीतल्या एका माणसानं कधी ‘बरं म्हटलंस गं सोनाबाई’ एवढं म्हणू नये? मिठाला कोण बरं म्हणतं! नसलं की तेवढी बोंब.

आता मारुतीराव. आमचे मुख्य पंच, वखारीत मुकादम. आधी नुसता मारुती होता. कोट शिवला आणि पावसाळ्यात उकिरड्यावर अळंबी उगवावी तसं ते ‘राव’ आपोआप उगवलं. उपासनेला त्याची जागा अगदी पुढं, गायन मंडळाला लागून. तिथं तो स्वतःची वेगळी सतरंजी अंथरायचा. दानाच्या वेळी लांब काठीला बांधलेली मखमली पिशवी ह्यानंच फिरवायची. मध्यावरच थांबून तिथनं मागच्या रांगेपर्यंत काठी पोचवायचा, म्हणजे मागच्यांच्यात जायला नको.

एका वर्षी तम्मण्णाचा बाप अंथरुणाला खिळला आणि नेमकी लक्ष्मीची जत्रा आली. हलगीचा मान बापाचा. पाटलाचा माणूस सांगत आला, घरातलं कुणी आलं नाही तर मांगवाड्यातली घराची जागा खाली करा. तम्मण्णा गेला, बापाच्या बदली वाजवून आला. न वाजवून करतो काय? म्हातारा बाप आणि बायको घेऊन काय वखारीच्या वळचणीला राहायचं? पण आमच्या पंचांना धर्म आठवला. मारुतीरावानं बैठक भरवली. मूर्तीपुढं वाजवलं, घोर पाप, तम्मण्णा मंडळीबाहेर! प्रभुभोजनाची भाकर त्याला मिळायची नाही, आत बसायचं नाही. आणि त्याच जत्रेचं मटण पाटलाच्या घरनं डबा भरून मारुतीरावाकडं आलं होतं, ते ह्यानं डोळे मिटून उपकारस्तुती करून हाणलं. त्याच्या बायकोनं, जयाबाईनंच मला सांगितलं. वर म्हणते कशी, ‘रस्सा जरा अळणीच हुता बघा.’ दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, ह्याच्या डोळ्यात मुसळ नव्हे, अख्खं उखळ होतं.

झालं. पुढच्या रविवारी गाणं सुरू झालं आणि म्हैस परत चिखलात. भरमा एकीकडं, मंडळी दुसरीकडं, रवळूच्या झांजा तिसरीकडंच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. लोक कुरकुरायला लागले. मग मारुतीरावानं तोडगा काढला. ‘तम्मण्णानं पडवीत बसून वाजवावं. पडवी म्हंजे काय मंदिर न्हवं.’ आमच्या ह्यांनी मान हलवली. आमच्या ह्यांना मान हलवायला लई आवडतं. देवानं मान दिली तीच हलवायला असं त्यांना वाटतं.

तेव्हापासनं तम्मण्णा पडवीत, खिडकीखाली. गाणारी मंडळी आत, ठेका बाहेर. पाऊस आडवा आला की ढोलकी सदऱ्याखाली घेऊन भिंतीला चिकटायचा. सोनाबाईनं श्वास घेतला की त्याला बाहेर कळायचं आणि बरोबर थाप पडायची. महिन्यातनं एकदा प्रभुभोजन व्हायचं. आत भाकरीची ताटली फिरायला लागली की हा माणूस ढोलकी खाली ठेवायचा आणि मान खाली घालून भिंतीकडं तोंड करून बसायचा. मी खिडकीतनं बघायची. हातातला भाकरीचा तुकडा मला गिळवायचा नाही. बाकीच्यांना बरा गिळवायचा!

त्यानं माफी मागितली नव्हती असंही नाही. जत्रेनंतर लगेच मागितली, पुढच्या नाताळात मागितली, बाप वारला तेव्हाही मागितली. दर वेळी मारुतीरावाचं एकच, ‘बघू. आजून त्याची परीक्षा चालू हाय.’ परीक्षा कसली, डोंबलाची! आत घेतला तर ढोलकीवाला गायन मंडळात पुढं बसणार, आणि त्याच्या मांडीला लागूनच मारुतीरावाची सतरंजी. दुखणं हे होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला धर्म म्हणत होते.

एकदा मी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, ‘तम्मण्णा, कशाला येतोस रं? सोडून दे की ही पडवी.’

तो म्हणाला, ‘आक्का, मला दुसरं काय नगो. परत एकदा आत बसून तिच्या शेजारी वाजवायचं हाय. भाईर तिचा सूर येतोय, पर त्वांड दिसत न्हाय. आणि आता ती लई दिवस म्हणायची बी न्हाय.’

ते खरं होतं. खकाण्यानं सोनाबाईची छाती धरली होती. एका कडव्यानंतर खोकला यायचा, पदर तोंडाला लावून ती दुसरं कडवं उचलायची. तिचा गळा आहे तोवर तम्मण्णाला आत यायचं होतं. एवढंच. राज्य मागत नव्हता तो.

अशात कोल्हापूरचे मिशनचे साहेब आमच्याकडं उपासनेला आले. भला माणूस, मराठी मोडकं, पण कान शाबूत. गाणं ऐकून खूश झाले आणि उपासना संपल्यावर पंचांना म्हणाले, ‘हे लोक इतकी वर्षं सेवा करतात, तुम्ही त्यांचे आभार कधी मानले?’ पंचांची तिथंच बैठक बसली. शेवटी ठरलं, हंगामाच्या सणाला, पहिलं पीक देवापुढं आणायच्या रविवारी, साहेबांच्या समोर गायन मंडळाचा सत्कार करायचा. गाणारे, वाजवणारे सगळे मंडळीपुढं उभे राहतील आणि त्यांना हार घातले जातील.

मला इतका आनंद झाला की मी तशीच उठून सोनाबाईकडं गेले. म्हटलं, ‘अगं, पुढं उभं करायचं म्हणजे आत बोलवायला नको का? आता कसे नाही म्हणतील?’ सोनाबाईनं लगेच तम्मण्णाचा पटका काढून भिजत घातला. तम्मण्णानं ढोलकीला नवी पुडी चढवली. सगळा मांगवाडा विचारायला लागला, तम्मण्णाला परत घेणार म्हणे, व्हय?

घरी मी ह्यांना विचारलं, ‘तम्मण्णाला आत बोलावणार ना?’

‘बघू.’

‘बघू म्हणजे काय? तुम्ही पाळक आहात का सोंगटी?’

‘पंचांचं मत घ्यायला पाहिजे.’

माझ्या हातात उलथनं होतं. देवानं त्या वेळी माझा हात धरला म्हणून हे वाचले.

सणाच्या आदल्या दिवशी मी बुंदीचे लाडू वळत होते, तर मारुतीराव चव बघायला आला. एक लाडू तोंडात, एक हातात. म्हणाला, ‘पाळकीणबाई, काळजी करू नगा. तम्मण्णाला बी हार हाय. म्या चांगली युगत काढलीय.’ मला वाटलं, आली बाई ह्याला अक्कल. पालथ्या घड्यावर पाणी थांबलं एकदाचं!

रविवार उजाडला. मंदिरात जोंधळ्याची ताटं, उसाच्या मोळ्या, भोपळे, सगळं पुढं मांडलेलं. साहेब खुर्चीवर. तम्मण्णा पांढराशुभ्र पटका बांधून पडवीत आपल्या जागी. मी आत जाताना त्यानं हात जोडले. 

आणि मग ते हार सुरू झाले. पहिला साहेबांना, ठीक. दुसरा आमच्या ह्यांना. तिसरा मारुतीरावाला, त्यानं नको नको म्हणत गळा आधीच पुढं केला होता. मग जयाबाईला, कारण हार तिनं ओवले होते. मग सतरंज्या देणाऱ्याला. मग गॅसबत्तीला हवा मारणाऱ्याला. मग वखारीतल्या एका कारकुनाला, तो का आला होता ते आजतागायत कुणाला माहीत नाही. प्रत्येक हाराला मारुतीरावाचं भाषण. गायन मंडळाची पाळी येईपर्यंत झेंडू संपत आला होता. सोनाबाईला एक हार मिळाला. भरमा आणि रवळूला मिळून एकच. दोघांनी बैलजोडीसारख्या त्यात माना घातल्या आणि उभे राहिले, लोक खदाखदा हसले. ज्यांचा सत्कार त्यांना उष्टं-खरकटं, आणि ज्यांनी आयुष्यात एक ओळ सुरात म्हटली नाही ते गळ्यापर्यंत झेंडूत!

पण एक हार मारुतीरावानं बाजूला ठेवला होता. ‘आता आमच्या ढोलकीवाल्याचा बी सत्कार,’ तो म्हणाला.  मी दाराकडं बघितलं. आता हाक मारतील, आता तो आत येईल.

हाक नाही, काही नाही. मारुतीराव कोपऱ्यात गेला, दानाची काठी घेतली, पिशवी सोडून खाली ठेवली. काठीच्या टोकाला हार अडकवला. मग खिडकीपाशी गेला आणि ती काठी गजांतनं बाहेर सारली.

‘तम्मण्णा, मान कर रं जरा खाली!’

ही त्याची युगत. माणूस आत नको, हात लागायला नको, आणि सत्कार तर झाला पाहिजे, साहेब बघताहेत. बाहेर तम्मण्णानं मान खाली केली. हार पटक्याला अडकला, एका कानावर लोंबला. मारुतीरावानं काठी हलवून हलवून तो खाली पाडला, चिंच पाडतात तसा. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! एकानंही मान खाली घातली नाही. साहेबांना वाटलं असेल, ही ह्यांच्यातली काहीतरी रीत आहे. तेही हसून टाळ्या वाजवायला लागले.  मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात दारात तम्मण्णा उभा.

तम्मण्णाच्या भावकीत एक रीत आहे. जातीबाहेर टाकलेल्याला परत घ्यायचं ठरलं की पंच त्याला चारचौघांत हार घालतात. हार पडला की दंड फिटला. मग तो माणूस कुणाला काही न विचारता उठतो आणि पंगतीत जाऊन बसतो. तम्मण्णानं हीच रीत लहानपणापासनं बघितलेली. पंचानं मंडळीसमक्ष हार घातला, म्हणजे परत घेतलं! दुसरा अर्थ त्याच्या डोक्यात येणार कुठनं? काठीनं का घातला असेल, हेसुद्धा त्या बिचाऱ्यानं विचारलं नाही.

त्यानं वहाणा काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, ढोलकी काखेत घेतली आणि सगळ्या मंडळीमधनं चालत पुढं आला. चेहऱ्यावरचं हसू मावत नव्हतं. सोनाबाईच्या शेजारी मांडी घातली आणि हळूच म्हणाला, ‘धर सूर.’

सोनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला कळलं होतं की हा चुकलाय. शपथेवर सांगते, तिला कळलं होतं. तरी तिनं सूर धरला. एक ओळ ती गायली आणि तो तिच्या तोंडाकडं बघत वाजवत होता. तेवढीच एक ओळ.

‘आरं ए! तुला कुणी आत बोलावलं?’ मारुतीराव ओरडला.

ढोलकी थांबली. ‘हार घाटला न्हवं अण्णा?’

‘हार सत्काराचा हाय. मंडळीत घ्याचा न्हवं. ऊठ, भाईर बस.’

‘त्यात फरक हाय व्हय?’ तम्मण्णानं खरंच विचारलं. वाकड्यात नव्हे. त्याला माहीत करून घ्यायचं होतं.

 त्यानं आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं. मी बायकांतनं उठले. ‘अहो, बोला की! तोंड शिवलंय का तुमचं?’

आणि माझा नवरा, देवाच्या वेदीपुढं उभा असलेला माझा नवरा म्हणाला, ‘आपण सगळे डोळे मिटून प्रार्थना करू या.’

आणि सगळ्यांनी डोळे मिटले हो! पटापट मिटले. इतक्या लवकर आमच्या मंडळीनं कधी प्रार्थनेला डोळे मिटले नव्हते. बायकांनी मिटले, म्हाताऱ्यांनी मिटले, साहेबांना आमची बोली कुठली कळतेय, त्यांनी तर भक्तीनं मिटले. भरमा आणि रवळू त्या एका हारात डोळे मिटून उभे. ह्यांचं चालू होतं, ‘हे प्रेमळ बापा, आम्हांला एका शरीराचे अवयव कर...’ जीभ झडली नाही कशी!

मी नाही मिटले. म्हणून मी बघितलं. तम्मण्णा उठला. काठी भिंतीला टेकवलेली होती. त्यानं गळ्यातला हार काढला, फुलं तुटू नयेत असा सावकाश काढला, आणि काठीच्या टोकाला परत अडकवून ठेवला. चुकून दुसऱ्याची वस्तू घरी आली तर आपण परत नेऊन देतो, तसा. मग ढोलकी उचलली आणि निघाला. सोनाबाईला खोकला आला. तो दाबत तिनंही आपला हार काढला, त्याच काठीला लावला आणि त्याच्या मागनं गेली.

‘आमेन’ झालं. डोळे उघडले. काठीला दोन हार. साहेबांनी विचारलं, ‘तबलावाला कुठं गेला?’

मारुतीराव म्हणाला, ‘त्येच्या घरी जरा काम हाय साहेब.’

मग लाडू वाटले. सगळ्यांनी खाल्ले. कुणाच्या घशात अडकला नाही. मी बाहेर आले तर ते दोघं वखारीच्या कोपऱ्यावरनं वळत होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्यांना थांबवून सांगायचं काय, ते मला सुचेना. मी तशीच पडवीत उभी राहिले.

आठवडाभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायच्या वेळी ताट पुढं सरकवायची. हाताशी काठी असती तर काठीनंच सरकवलं असतं. एकदा हे म्हणाले, ‘माझा नाइलाज होता गं.’ मी म्हटलं, ‘नाइलाजाला माणसाचं तोंड नसतं. तुम्हाला होतं.’ 

पुढच्या रविवारी पडवी रिकामी, सोनाबाईची जागा रिकामी. भरमानं पेटी उघडली, दोन ओळी झाल्या आणि गाणं मध्येच मेलं. लोकांनी एकमेकांकडं बघितलं, आणि काय पुटपुटले माहीत आहे? ‘तम्मण्णा लई चढलाय. हार घाटला की असंच हुतंय.’ ऐका! वर दोष त्यालाच.

तिसऱ्या रविवारीही तेच झालं तेव्हा मारुतीराव ह्यांना घेऊन मांगवाड्यात निघाला. मीही मागनं गेले. नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. तम्मण्णा दारापुढं दोर वळत होता. लांब दुसरं टोक धरून सोनाबाई उभी होती. तिनं मला बघून मान हलवली, मारुतीरावाकडं बघितलंही नाही.

मारुतीराव चार हात लांबच उभा राहिला. तिथंसुद्धा! ‘तम्मण्णा, झालं गेलं इसर रं. मंडळीचं गाणं बंद पडलंय. तू आणि सोनी रविवारी या. पडवी तुझीच हाय की.’

तम्मण्णाचे हात थांबले नाहीत. ‘जमायचं न्हाय अण्णा. परवा पाटलाच्यात मयत झालं, तिकडं हलगी घिऊन गेलतो. आता फुडं जत्रा हाय. तिकडंच वाजवणार.’

‘परत मूर्तीम्होरं?’ मारुतीराव तापला. ‘आणि तिथं काय तुला आत घेत्यात व्हय रं? तिथं बी देवळाच्या भाईरच हुबं करत्यात की!’

‘व्हय अण्णा, भाईरच हुबं करत्यात,’ तम्मण्णा म्हणाला. त्यानं दोराला पीळ भरला, सोनाबाईनं पलीकडं टोक घट्ट धरलं. ‘पर तिथं माझा सत्कार करत न्हाईत.’